दिवसभराची पावती

अमृतरावांनी चौदा वर्षांत वेगापायी एकदाही दंड भरला नव्हता. कुरुंद्याच्या फाट्यावर ही गोष्ट ज्याला माहीत नाही तो माणूस बहुतेक परगावचाच असायचा. काळी-पिवळी जीप चालवणारे बाकीचे सहाजण महिना-दोन महिन्यांतून कुठेतरी अडकायचेच. अमृतराव अडकले तरी सुटायचे, आणि आपण सुटतो ते कायद्याच्या ज्ञानावर, अशी त्यांची पक्की समजूत होती. खरं म्हणजे त्या रस्त्यावर वेग मोजायचं यंत्रच तोवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि अमृतरावांशी अर्धा तास हुज्जत घालण्यापेक्षा मागची गाडी अडवणं पोलिसांना सोपं जायचं. पण हे त्यांना सांगणार कोण?

या ज्ञानाचा झरा म्हणजे दगडोबा. त्याचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. १९९४ साली चोरीच्या एका खटल्यात तो पंच म्हणून तीन दिवस कोर्टात बसून आला, आणि आला तो वकील होऊनच. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता तो कायदा सांगायचा. पोलिसाच्या डोक्यावर टोपी नसेल तर त्याला पावती फाडता येत नाही. पुलावर पकडलं तर तो गुन्हा कुठल्याच ठाण्याच्या हद्दीत बसत नाही. २००७ साली वेग मोजायची बंदूक रस्त्यावर आली, तेव्हा दगडोबाने आठवडाभरात तिच्यावरही तोड काढली. गाडीच्या मागच्या काचेला सीडी टांगायची, म्हणजे बंदुकीचे किरण चमकून उलटे पोलिसाकडेच जातात. फाट्यावरच्या सातही जीपना सीड्या लागल्या. सिनेमाच्या सीड्या भाड्याने देणाऱ्याचा त्या आठवड्यात चांगला धंदा झाला.

अशात अमृतरावांच्या थोरल्या भावाच्या पोरीला, दीक्षाला, पोलीस भरतीचं पत्र आलं.

दीड वर्ष ही पोरगी उजाडायच्या आधी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत होती. खेळाच्या सरांनी तिला एक स्टॉपवॉच दिलं होतं, ते जेवतानाही तिच्या गळ्यात असायचं. आख्ख्या वस्तीतून भरतीला जाणारी ती पहिली मुलगी. पत्रात लिहिलं होतं की सोमवारी हिंगोलीच्या पोलीस मैदानावर हजर व्हायचं, अकरा वाजता फाटक बंद होईल, नंतर कुणालाही आत घेतलं जाणार नाही. पुढची भरती कधी निघेल ते सांगता येत नव्हतं. दीक्षाची आई, जनकाबाई, पत्र हातात धरूनच दिराकडे आली.

"भावजी, एसटीचा काय भरवसा न्हाई. तुमीच न्या पोरीला."

"वहिनी, अकराच्या आत पोरगी फाटकाच्या आत. माझी जबाबदारी," अमृतराव म्हणाले. त्यांची छाती फुगली होती. आपली जीप, आपली पोरगी आणि पोलिसाची नोकरी, सगळं एकदमच जुळून आलं होतं.

सोमवारी आठ वाजता जीप फाट्यावर उभी राहिली. त्या दिवशी एकही सवारी घ्यायची नाही, असं अमृतरावांनी जाहीर केलं होतं. दीक्षा पुढे बसली. पांढरे बूट, घट्ट वेणी, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. एवढ्यात दगडोबा दुकान तसंच टाकून मागच्या सीटवर चढला.

"अशा दिवशी वकिलाबिगर जाता व्हय?" तो म्हणाला. "अमृतराव, आज पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय. मी रातभर विचार केलाय. आधी एक पावती फाडून घ्या."

"काहून?"

"एका दिवसात एका गुन्ह्याची एकच पावती असती. सकाळी एकदा फाडली की रातच्या बारापर्यंत गाडी मोकळी. कुणी बी अडवलं की पावती दाखवायची अन् निघायचं. दिवसभराचा पासच म्हना ना."

दीक्षाने वळून पाहिलं. "मामा, हळू गेलं तरी साडेनवाला पोचतो आपण. उडवायची कशाला गाडी?"

"अन् वाटेत टायर फुटलं तर? तेवढी कसर काढाया गाडी उडवावी लागंल का न्हाई? अन् उडवली की बंदुकवाला धरंल का न्हाई? त्याच्याशी बोलता बोलता अकरा वाजतेल का न्हाई?"

चार प्रश्न एकामागून एक आले की अमृतराव नेहमी हरायचे. पण आज मनाला लागत होतं. चौदा वर्षांचं नाव! त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मग पोरीच्या पांढऱ्या बुटांकडे त्यांची नजर गेली.

"फाडू," ते म्हणाले. "पोरीसाठी फाडू. आन् हा काय दंड न्हाई. पास हाय."

वसमत मागे टाकलं की पुढे एका लिंबाखाली बंदुकवाला पोलीस उभा राहतो, हे साऱ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. एरवी ते झाड दिसलं की गाड्या नव्या नवरीसारख्या चालायच्या. अमृतरावांनी त्या दिवशी झाड दिसताच गाडी दामटली. नेमक्या बाभळीतून शेळ्या रस्त्यावर आल्या. करकचून ब्रेक मारावा लागला आणि जीप पोलिसासमोरून बैलगाडीच्या चालीने गेली. पोलीस तरुण होता. त्याने त्यांना सलामही केला.

एक किलोमीटर पुढे जाऊन जीप वळली, लिंबाच्या पलीकडे गेली, परत वळली आणि पुन्हा धावून आली. या खेपेला रस्ता मोकळा होता, जीप अशी गरजत होती की बोलणं ऐकू येईना. पण पोलीस बाटली तोंडाला लावून पाणी पीत होता.

"सीडी!" दगडोबा मागून ओरडला. "सीडीनं काम केलं! मी म्हनलं न्हवतं?"

"अरे पन आज काम नको ना करू देऊ तिला! काढ ती!"

दगडोबाने चालत्या गाडीत सीडी ओढून काढली. दीक्षाने कपाळाला हात लावला होता, पण तिलाही हसू आवरत नव्हतं. तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टर आडवा आला. चौथ्या खेपेला मात्र पोलिसाने बंदूक उचलली, आकडा पाहिला आणि हात आडवा केला.

"सापडलो!" अमृतराव आनंदाने ओरडले.

"चौऱ्याहत्तर," पोलीस म्हणाला. "हितं साठची पाटी हाय. अन् तुमी चौथ्यांदा येऊन राहिले. काय हरवलंय का?"

"काय न्हाई सायेब. फाडा पावती. बराबर धरलं तुमी."

पोलिसाने संशयाने तिघांकडे पाहिलं. कागद तपासले, टायर पाहिले, अमृतरावांना तोंड उघडून श्वास सोडायला लावला. सरळ दंड भरणारा माणूस त्याला पचत नव्हता. शेवटी पावती फाडून हातात दिली तेव्हा दगडोबाने टाळी वाजवली आणि अमृतरावांनी "लई उपकार झाले" म्हणून हात जोडले. जीप निघाली तरी तो बिचारा रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघतच होता.

दीक्षाने घड्याळ पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"काका, दहाला दहा कमी."

"आगं, मग काय झालं? आता पास हाय आपल्यापाशी!"

आणि मग अमृतरावांनी जी जीप सोडली! चौदा वर्षांत पोटात दाबून ठेवलेली सगळी हौस पायाच्या अंगठ्यात उतरली. पुढच्या काचेपाशी खोचलेली पावती फडफडत होती, दारं खडखडत होती, दगडोबा छताची कडी धरून कलमं म्हणत होता. मीटरचा काटा गेली सहा वर्षं चाळीसवर अडकला होता, त्यामुळे आपण किती पळतोय ते कुणालाच कळेना. तेव्हा दीक्षाने स्टॉपवॉच हातात घेतलं. कडेचा किलोमीटरचा दगड गेला की बटन दाबायची, पुढचा आला की पुन्हा दाबायची.

"अठ्ठेचाळीस सेकंद!" ती ओरडली. थोड्या वेळाने, "सेहेचाळीस!"

"अजून कमी करू का?" अमृतराव हसत होते. पोरीच्या आवाजात जोर आला होता, वारा तोंडावर येत होता, आणि आपण बरोबर वेळेत पोचणार याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका उरली नव्हती.

औंढ्याला देवदर्शनाची सोमवारची गर्दी होती. रिक्षा, नारळाच्या हातगाड्या, चपला शोधणारी माणसं. जीप मुंगीच्या पावलाने सरकली. हॉर्न वाजवून अमृतरावांचा अंगठा दुखायला लागला. गावाबाहेर पडले तेव्हा दहा बावीस झाले होते. आता कुणी हसत नव्हतं. दीक्षा पुढे वाकून बसली होती आणि नुसते आकडे सांगत होती.

"चव्वेचाळीस. त्रेचाळीस. त्रेचाळीस. त्रेचाळीस."

हिंगोली नऊ किलोमीटर राहिली आणि एका वळणापलीकडे रस्त्यावर आडव्या लावलेल्या लोखंडी जाळ्या दिसल्या. जाळीपाशी मोठ्या मिशांचे जमादार वेगाची बंदूक घेऊन उभे होते. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, लालसिंग. त्यांनी हात वर केला.

"पावती!" दगडोबा म्हणाला.

अमृतरावांनी गाडी थांबवली ती मोठ्या रुबाबात. खाली न उतरताच पावती बाहेर धरली. "आजची हाय, सायेब. जाऊ द्या."

जमादारांनी पावती वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली. मग ते इतके हसले की मिशा हलायला लागल्या.

"हे तुमचं सकाळचं. आताचं कोन भरनार? आन् दाखवली ते बरंच केलं. मला वाटलं पयलीच चूक. एका दिवसात दुसऱ्यांदा म्हंजे कलम बी वाढतंय."

पास म्हणून जपलेला कागद आपल्याच गळ्यात पडला, हे अमृतरावांना कळायला दोन श्वास लागले. त्यांनी मागे पाहिलं. दगडोबाचा चेहरा पडला होता, पण त्याची वकिली गेली नव्हती. तो पुढे वाकून कानात कुजबुजला, "बोलत ऱ्हावा. बंदुकीतला आकडा धा मिन्टांत आपोआप पुसतो. मग पुरावाच ऱ्हात न्हाई."

आणि अमृतराव बोलू लागले. हे त्यांच्या अंगवळणीच होतं. जमादारांची टोपी थोडी मागे सरकली आहे, ती टोपी घातली असं धरायचं का? ही जागा औंढ्याच्या हद्दीत येते की हिंगोलीच्या? बंदूक तपासल्याचा दाखला कुठे आहे? मध्येच एक कावळा उडाला होता, त्याचाच वेग तर धरला नाही?

"आन् हे बघा," ते खाली उतरून म्हणाले, "माझ्या गाडीचा काटा बघा. चाळीस!"

लालसिंगांनी खिडकीतून वाकून पाहिलं. "गाडी उभी हाय ना?"

"हाय."

"मग चाळीसनं कोन पळून राहिलं?"

जाळीपाशी थांबलेले दोन मोटारसायकलवाले खिदळले. अमृतरावांचे कान तापले. आता तर माघार घेणं शक्यच नव्हतं. पाच मिनिटं झाली होती, आणखी पाच काढायची होती. त्यांनी रस्त्याच्या उतारापासून सुरुवात केली. दीक्षा जीपमधून उतरून त्यांच्याजवळ आली आणि बाही ओढत म्हणाली, "काका, दहा चाळीस झालेत. भरा आन् चला."

"थांब गं. चारच मिन्टं. जिंकतोच हाय मी."

त्या क्षणी त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. दुर्दैव असं की जिंकायचं काय होतं, तेच ते विसरले होते.

लालसिंग जमादारांचं लक्ष पोरीकडे गेलं. पांढरे बूट, पिशवी, गळ्यातलं यंत्र.

"कुठं चालली, लेकरा?"

"भरतीला, साहेब. अकराला फाटक बंद होतंय."

"म्हंजे उद्या आमच्यातलीच." त्यांनी बंदूक छातीशी धरली. आकडा त्यांनाच दिसत होता. "मग तुलाच इचारतो. तुझे काका म्हनतेत गाडी साठच्या वर गेलीच न्हाई. तू फुडंच बसली व्हती. खरं किती पळत व्हती?"

अमृतराव निर्धास्त होते. याच जीपच्या बॉनेटवर बसून या पोरीने लहानपणी ऊस खाल्ला होता. शाळा बुडवली तेव्हा तिच्यासाठी ते स्वतः गुरुजींसमोर धडधडीत खोटं बोलले होते. घरचं माणूस ते. त्यांनी तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली, साठ म्हण, साठ.

दीक्षाने एकदा काकांकडे पाहिलं.

"दगड ते दगड त्रेचाळीस सेकंद, साहेब. शेवटचे तीन दगड सारखेच. मी मोजत व्हते."

लालसिंगांनी पावतीपुस्तकाच्या पाठीवर पेन्सिलीने भागाकार केला. बराच वेळ लागला त्यांना. मग त्यांनी बंदूक फिरवून सगळ्यांना दाखवली. चौऱ्याऐंशी. दहा मिनिटं होऊन गेली होती आणि आकडा होता तिथेच होता.

"पोरीचा हिशेब माझ्या मशीनसारखाच निघाला," ते म्हणाले.

अमृतरावांना राग आला. चांगलाच आला. रस्त्यावर, परक्या लोकांसमोर, मोटारसायकलवाल्यांसमोर, आपल्याच पोरीने आपल्याला खोटं पाडलं! जिच्यासाठी चौदा वर्षांचं नाव सकाळी मातीत घातलं, तिने! ते बोलायला तोंड उघडणार तोच त्यांना तिचा हात दिसला. स्टॉपवॉच मुठीत घट्ट धरलेलं होतं, डोळे भरले होते, आणि तरी ती मान खाली न घालता जमादारांकडे सरळ बघत उभी होती. फाटक बंद झालं असतं तरी तिने आकडा बदलला नसता. हे त्यांना तिथल्या तिथे उमगलं, आणि आलेला राग घशातच विरला.

"फाडा, सायेब," ते म्हणाले. "बराबर सांगती ती. मी पळवत व्हतो. जरा लवकर फाडा."

"काका..."

"गाडीत बस, पोरी."

लालसिंगांनी दया-माया काही दाखवली नाही. कलम लिहिलं, सही घेतली, पावती दिली. फक्त जाळी बाजूला करताना म्हणाले, "दहा सेहेचाळीस. साठनं गेलात तरी पोचता. मोजाया मानूस हायच तुमच्याकडं."

जीप पुढच्या नऊ किलोमीटरला लागली. अमृतराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. दगडोबा पिंजऱ्यातल्या पोपटासारखा एका कोपऱ्यात बसला होता. पहिला दगड गेला, दुसरा गेला.

"साठ सेकंद," दीक्षा हळूच म्हणाली.

अमृतरावांनी नुसतं हं केलं. काका रागावलेत, असं तिला वाटलं असणार. बोलावंसं त्यांना फार वाटत होतं, पण आवाज धड निघेल याची खात्री नव्हती. म्हणून ते साठ सेकंदांना एक दगड या हिशेबाने गाडी हाकत राहिले. एवढी नेमकी जीप त्यांनी आयुष्यात चालवली नव्हती. गावात शिरताना बाजार समितीपाशी हळदीच्या पोत्यांचे ट्रक आडवे होते, तिथे जीव टांगणीला लागला. एक ट्रक मागे सरला, दुसऱ्याने अंग चोरलं, आणि जीप मधल्या फटीतून निघाली.

मैदानाचं फाटक दिसलं. एक शिपाई त्याचं एक दार ओढून घेत होता. घड्याळात दोन मिनिटं कमी होती. जीप पुरती थांबायच्या आत दीक्षाने खाली उडी मारली, दोन पावलं गेली आणि वळली.

"काका, रागावलात का हो?"

"पळ!" अमृतराव खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडले. "हितं बंदूक न्हाई कुनाची! पळ!"

ती पळाली. वेणी पाठीवर आपटत होती, पिशवी छातीशी धरलेली होती. शिपायाने हात आडवा करायच्या आधी तिने पत्र पुढे केलं आणि ती आत गेली. मागे दार लागलं. अमृतरावांनी कपाळ टेकलं ते थेट हॉर्नवरच, आणि साऱ्या रस्त्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

बराच वेळ गेल्यावर दगडोबाने मागून घसा खाकरला.

"अमृतराव, वाईट वाटून घेऊ नका, पन नाव गेलं तुमचं. एका दिवसात दोनदा. आन् दुसऱ्यांदा तर घरच्याच मानसाच्या साक्षीनं. फाट्यावर काय सांगायचं?"

"सांग की, पोरीची भरती झाली."

"आवं, आजून तिचं नाव बी पुकारलं न्हाई आत. धावनी व्हायची हाय, उंची मोजायची हाय."

"आत काय व्हायचं ते व्हवो." अमृतरावांनी डोळे पुसले आणि ते लपवायची खटपटही केली नाही. "माझ्या गाडीपाशी झाली तिची भरती. नऊ किलोमीटर मागं. मी व्हतो की तिथं."